डॉक्टरांच्या बुटाचं पाणी

बस्सीच्या जकात नाक्यात जयंतीबाई गोखल्यांची बैलगाडी पाठमोरी शिरली, ओसरीचा एक खांब पाडून थांबली, आणि गाडीत बसलेल्या जयपूरच्या विमा अधिकाऱ्यानं कारकुनाला आपला धंदा असा काही सांगितला की तो अजून कुठल्याच रकान्यात बसलेला नाही.

हे झालेलंच नाही. गाडीतल्या सगळ्यांनी तसं ठरवलं आहे आणि खांबाचीही काही तक्रार नाही. तेव्हा आपणही काही झालं नाही असं धरून त्रेसष्टच्या पाडव्यापासून सुरुवात करू.

जयपुरात आदर्श नगरला मराठी मंडळाचा पाडवा होता. श्रीखंड संपलं होतं आणि भाषणं संपायची होती. तेवढ्यात जयंतीबाई न विचारता उभ्या राहिल्या. त्यांचे यजमान जनावरांचे डॉक्टर. संस्थानच्या तबेल्यावर होते, पुढं सरकारात गेले, पुढं वरच गेले. मागं बाईंनी बस्सीच्या बाहेर रान घेऊन गायी ठेवल्या होत्या. त्यात चांगल्या थोड्या आणि लोकांनी टाकलेल्या फार. पाऊस आदल्या साली नुसतं तोंड दाखवून गेला होता.

"मला देणगी नको," बाई म्हणाल्या. "आखातीजेपर्यंत, आपल्या अक्षय्य तृतीयेपर्यंत, दोन हात हवेत. खांद्यापासून हलणारे. पगार नाही. जेवण आहे, पण ते चांगलं नाही."

सभेत अशी शांतता पसरली की वाटीतला चमचासुद्धा कुणी हलवेना. आणि चंद्रकांत मान्यांनी हात वर केला.

चंद्रकांत माने विम्याच्या कचेरीत अधिकारी. कचेरीत आणि मंडळात त्यांची मराठी इस्त्रीची असे; घरी कोटाबरोबर तीही खुंटीला टांगत आणि कराडची घालत. सगळ्यांना वाटलं, साहेब स्वतः निघाले.

"माझा मुलगा विष्णू," ते म्हणाले, "स्वेच्छेनं येईल."

विष्णू तेव्हा दाराशी उभा राहून तिसरी वाटी श्रीखंड खात होता. बी.एस्सी.ला तो गेल्या वर्षी रसायनशास्त्रात नापास झाला होता. यंदा हजेरी कमी भरली म्हणून परीक्षेलाच बसू दिलं नव्हतं, म्हणजे नापास व्हायचीही सोय राहिली नव्हती.

"आण्णा, मला विचारलंत का?" घरी आल्यावर तो म्हणाला.

"इचारलं असतं तर न्हाई म्हणला असतास. मग सवेच्छा कुठनं आणायची?"

"मतलब, लोक काय म्हणतील—"

"लोकास्नी म्या सांगीन. तू निस्ता जा."

आई, कुसुमताई, स्वयंपाकघरात गेली. तिनं लाडू बांधायला घेतले. बहीण वीणा म्हणाली, "दादाचे हात बघून गाय हसेल." विष्णूनं रसायनशास्त्राचं पुस्तक पिशवीत टाकलं. वाचायला नव्हे. उशीला.

जयंतीबाईंच्या रानात पोचला तेव्हा ऊन असं होतं की सावलीही झाडाला चिकटून बसली होती. बाईंनी त्याला बस म्हटलं नाही.

"काय येतं तुला?"

"मावशी, मी—"

"मावशी नाही. कामाला आलास ना? बाई म्हण. काय येतं?"

विष्णूनं विचार केला. खरं उत्तर 'काही नाही' असं होतं, पण ते आण्णा त्याच्या वतीनं सगळीकडं देत असत. एकदा तरी वेगळं देऊन बघावं म्हणून तो म्हणाला, "मोट येते. कराडकडं आजोबांची मोट होती. मी नाड्यावर बसायचो."

नाड्यावर बसायचा, हे खरंच होतं. बैल भरलेली मोट ओढत धावेच्या उतारावरून खाली निघाले की ताणलेल्या दोरावर बसायचं. त्यानं बैलांना वजनाची मदत होते. लहानपणी सुट्टीत गेल्यावर विष्णूनं ही मदत केली होती. दोराच्या पुढच्या टोकाला बैल आणि मागच्या टोकाला पाणी असतं, याच्याशी त्याचा संबंध आलेला नव्हता.

विहिरीवर छीतर होता. मिशा मोठ्या, छाती त्याहून मोठी आणि बोलणं दोन्हींच्या पुढं. त्याच्यासारखा चडसवाला चौमूंपासून बस्सीपर्यंत नाही, हे त्यानं विष्णूला नाव विचारायच्या आधी सांगितलं. चडस म्हणजे तिथली मोट, कातड्याचा मोठा डोल. तिला दोन माणसं लागतात. एक बैलांबरोबर उतारावर आणि एक विहिरीच्या तोंडाशी. भरलेला चडस वर आला की तोंडावरच्यानं तो कवेत धरून थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडात, ओढायचा आणि हाक द्यायची. मग खालचा दोराची खुंटी उपटतो, दोर सुटतो, रिकामा चडस विहिरीत जातो आणि बैल मोकळे होऊन, वळून, माणसासारखे सरळ तोंडानं वर चालत येतात. छीतरचा जोडीदार दुष्काळी कामावर तलाव खणायला गेला होता. त्याच्या जागी विष्णू उभा राहिला.

पहिला चडस वर आला. विष्णूनं मिठी मारली आणि घरच्या वळणाप्रमाणं हळू आवाजात म्हणाला, "झालं."

खाली छीतरला काही ऐकू गेलं नाही. बैल ओढत राहिले, चडस चाकाला भिडला आणि त्याबरोबर विष्णूही. त्याला उतरवून घेतल्यावर छीतरनं सांगितलं की हाक पोटातून द्यायची. दुसऱ्या खेपेला विष्णूनं पोटातून हाक दिली, पण चडस धरायच्या आधी. छीतरनं खुंटी उपटली. भरला चडस परत विहिरीत असा कोसळला की गोठ्यातल्या गायी उठून उभ्या राहिल्या. तिसऱ्या खेपेला हाकही बरोबर होती आणि मिठीही. फक्त चडस विष्णूच्या अंगावर रिकामा झाला. त्या दिवशी घासाला जेवढं पाणी मिळालं त्याहून जास्त विष्णूच्या विजारीला मिळालं. त्याची एक चप्पल थारोळ्यात पडून पाटानं वाहत गेली. ती एका गायीनं चाखून परत केली.

छीतरची बायको भूरी पोटुशी होती, सातवा महिना चालू होता. ती भिंतीला टेकून बाजरी निवडत हे पाहत होती. विष्णूच्या तळहातांवरचे फोड बघून तिनं हळद-तेल लावलं आणि म्हणाली, "बाबूजी, थे तो म्हासूं बी भारी हो." म्हणजे, अवघडलेली मी, पण उचलायला जड तुम्ही. विष्णूला छीतरचं जुनं धोतर नेसायला मिळालं. ते तो असा नेसला की वासरं बिचकली.

आता त्या घासाचं सांगायला हवं. विहिरीच्या खाली लसूणघासाचा एक तुकडा होता. सगळ्या शिवारात हिरवं म्हणावं असं तेवढंच. कडबा संपला होता. आजूबाजूचे लोक आपली जनावरं माळव्याकडं धाडत होते. रूडमल नावाचा हाक्या आखातीजेनंतर कळप घेऊन याच वाटेनं जाणार होता. घास जगला तर बाईंच्या गायी राहणार. नाही जगला तर रूडमलबरोबर जाणार. आणि त्यांत पेन्शन होती.

पेन्शन ही गाय डॉक्टरांच्या पहिल्या पेन्शनीतून घेतलेली. आता दात नव्हते, मागचा एक पाय ओढायची. डॉक्टर शेवटचे आजारी असताना ती खिडकीत तोंड घालून उभी राहत असे, आणि डॉक्टर तिला इंग्रजीत बरंच काही सांगत. माळवा सोडा, तिला आग्रा रस्तासुद्धा गाठवला नसता.  बाई रोज संध्याकाळी धार झाली की घासाच्या बांधावर जाऊन उभ्या राहायच्या आणि पाटातली ओल चपलेच्या टोकानं दाबून बघायच्या.

हळूहळू विष्णूला चडस धरता येऊ लागला. खांदे दुखायचे थांबले. म्हणजे दुखायचेच, पण आता ते दुसऱ्या कुणाचे आहेत असं वाटेनासं झालं. भाकरी किती खाल्ल्या हे भूरी मोजायची आणि मोठ्यानं सांगायची. दुपारी खेजडीच्या झाडाखाली छीतर आणि विष्णू आपापल्या मुलखाची बढाई मारत.

"आमच्याकडं एकच माणूस मोट हाकतो," विष्णू म्हणाला. "मोटेला सोंड असते. ती वर आली की आपोआप थारोळ्यात ओतते. तोंडाशी कुणी लागत नाही."

"अन् बळद? त्यांना सोडतं कोण?"

"सोडत नाहीत. बैल जुंपलेलेच मागं मागं चालत वर येतात."

छीतरनं चिलीम तोंडातून काढली. "पाछा?"

"पाछा."

"ढुंगणाकडून?"

"हो."

छीतर इतका हसला की त्याला ठसका लागला. "मग दूधही बैलच देत असतील तुमच्याकडे!" त्यानं भूरीला हाक मारून विष्णूला हे पुन्हा सांगायला लावलं. बैलांची नावं हाकिम आणि वकील अशी होती. हाकिम सांगितलेलं ऐकायचा. वकील आधी हरकत घ्यायचा. छीतरनं वकिलाच्या कानाशी जाऊन त्यालाही सांगितलं. वकिलानं मान हलवली. "बघा," छीतर म्हणाला, "म्हारा बळद पाछा कोनी चालै." म्हणजे, माझे बैल मागं चालत नाहीत.

यानंतर दोन दिवसांत छीतरची पाठ धरली. तीही कामात नव्हे. पाहुण्या विष्णूला ताकद दाखवायला त्यानं एक वासरू खांद्यावर घेतलं. वासरू उतरलं, छीतर सरळ झाला नाही. त्याला खाटेवर घालून खेजडीखाली आणलं. तिथून तो सूचना देऊ लागला. भूरी म्हणाली की पोटुशी मी आहे आणि कण्हतोय हा.

पण पाणी थांबलं. घास एका दिवसात मलूल झाला, दुसऱ्या दिवशी कडेनं पिवळा. तिसऱ्या दिवशी सकाळी बाई पदर खोचून विहिरीच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या.

"तू बैल हाक. मी धरते."

"बाई, तुम्ही—"

"हाक."

विष्णूनं हाकलं. चडस वर आला, बाईंनी धरला. चडसानं बाईंना धरलं असं म्हणणं जास्त बरोबर होईल. त्या थारोळ्याच्या कडेवर आपटल्या, गुडघा फुटला, चष्मा पाण्यात गेला. विष्णू धावत वर आला तेव्हा त्या ओल्याचिंब बसून हातानं थारोळ्याचा तळ चाचपत होत्या. चष्मा सापडला. पदरानं पुसला, पदर ओला होता, त्यामुळं चष्मा जास्तच भरला. तो तसाच लावून त्या म्हणाल्या, "रूडमलला निरोप धाड. आमच्या गायी न्यायच्यात म्हणावं. पेन्शनचं मी बघते."

पेन्शनचं बाई काय बघणार, हे विष्णूनं विचारलं नाही. 

"बाई," तो म्हणाला, "सोंड लावली तर एकट्यानं होईल."

"तुला येतं?"

"येतं म्हणालो होतो." मग म्हणाला, "येत नाही. पण बघितलंय. सोंडेला चांगलं लांब कातडं लागेल."

बाई उठून घरात गेल्या. आल्या तेव्हा हातात डॉक्टरांचे तबेल्यातले गुडघ्यापर्यंतचे बूट होते. डॉक्टर गेल्यावरही दर रविवारी तेल लागून लागून त्यांचं कातडं गालासारखं मऊ राहिलं होतं.

बस्सीच्या मोच्यानं बूट हातात घेऊन उलटसुलट केले. "बाईसा, असे बूट आता मिळत नाहीत."

"पायही मिळत नाहीत," बाई म्हणाल्या. "काप."

दोन्ही बुटांच्या नळ्या उभ्या चिरून एकमेकींना शिवल्या, तोंडाकडं पखालीचं जुनं कातडं जोडलं, आणि सोंड झाली. खाली राहिलेल्या पावलांच्या भागाचे छीतरला जोडे झाले. तो उठू शकत नव्हता, तरी त्यानं ते खाटेवरच घातले. मग सोंडेच्या बारीक दोराला खाली एक रूळ हवा होता. चांगलं कातलेलं गोल लाकूड आसपास एकच होतं: छीतरच्या खाटेचा पाय. तो काढून त्या जागी दगड लावले. तेव्हापासून छीतर थोडा तिरका पडून सूचना देऊ लागला.

मोट तयार झाली. आता फक्त बैलांना सांगायचं राहिलं.

हाकिमाला उतारावर उभा करून विष्णूनं कासरा ओढला. हाकिम दोन पावलं मागं सरला आणि काय हुकूम म्हणून थांबला. वकील हलला नाही. विष्णूनं छाती लावून जू ढकललं. वकिलानं विष्णूला ढकललं. विष्णूनं गूळ दाखवला. वकिलानं गूळ खाल्ला. छीतरनं खाटेवरून आपली खास हाक दिली, ती ऐकून वकील उतारावरून सरळ खाली गेला आणि मोट वर आली. ती मोट वर, बैल खाली आणि विष्णू मधे अशी दुपारपर्यंत राहिली. आजोबा बैल मागं घेताना काहीतरी म्हणत एवढं विष्णूला आठवत होतं. काय म्हणत, ते आठवेना. त्यानं आरती म्हणून पाहिली. सिनेमातलं गाणं म्हणून पाहिलं. राष्ट्रगीत म्हणून पाहिलं. त्याला दोन्ही बैल स्तब्ध उभे राहिले.

शेवटी तो संतापला. संतापात तोंडाला जे येतं ते माणसाच्या आत खोल रुतलेलं असतं. विष्णूच्या आत मूलद्रव्यांचा तक्ता रुतला होता, तोही अर्धवट. वकिलाच्या नाकाशी नाक लावून तो ओरडला, "हायड्रोजन!"

वकील एक पाऊल मागं सरला.

बहुतेक घाबरून. पण सरला. "हेलियम!" विष्णू म्हणाला. आणखी एक. "लिथियम. बेरिलियम. बोरॉन—" हाकिम तर काय, जोडीला होताच. कार्बनपाशी मोट विहिरीच्या काठाखाली गेली, नायट्रोजन, ऑक्सिजन करत उतरली, आणि निऑनला खालून डुबुक असा आवाज आला. निऑनच्या पुढं विष्णूला येत नव्हतं. पण त्या दिवशी पाणीही तेवढ्यातच होतं.

बैल खाली निघाले. विष्णू उडी मारून नाड्यावर बसला. चाक करकरलं, मोट वर आली, सोंड लवली आणि डॉक्टरांच्या बुटातून पाणी थारोळ्यात पडलं. बाई पाटाच्या कडेला उभ्या होत्या. त्यांनी वाकून ओंजळभर पाणी घेतलं आणि गुडघ्यावरच्या जखमेला लावलं. "चामड्याचा वास येतोय," एवढंच म्हणाल्या, आणि लगबगीनं गोठ्यात गेल्या. गोठ्यात तेव्हा काही काम नव्हतं.

मग रोज पहाट फुटताना मोट सुरू व्हायची. ऊन चढलं की थांबायची, कललं की पुन्हा. विष्णूची पाठ काळी पडली, तळहातांची कातडी बुटासारखी झाली. घासाची पिवळी कड आत यायची थांबली. मग एके दिवशी ती कुठं होती ते शोधावं लागलं. विहिरीचं पाणी मात्र खाली खाली जात होतं. मोटेला जास्त वेळ लागायचा, बैलांना जास्त मागं यावं लागायचं आणि म्हणून विष्णूला पुढची मूलद्रव्यं लागायची. रात्री उशीचं पुस्तक काढून तो उद्याच्या पाण्यापुरतं पाठ करी. सोडियम, मॅग्नेशियम झाले. वैशाख लागता लागता तो गंधक ओलांडून क्लोरीनवर आला. कॉलेजच्या प्राध्यापकांना जे दोन वर्षांत जमलं नव्हतं ते दुष्काळानं केलं.

छीतर खाटेवर पडून हे सगळं ऐकत होता. एक दिवस विष्णू ॲल्युमिनियमवर अडखळला, तेव्हा खाटेवरून रागावून आवाज आला, "सिलिकॉन! आगे सिलिकॉन छै!" आणि लागलीच, आपण काही बोललोच नाही असं दाखवून, तो कुशीवर वळला.

आखातीज झाली. एका सकाळी रूडमलचा कळप दुपारी येणार म्हणून कळलं, आणि त्याच सकाळी बसनं चंद्रकांत माने आले. कोट, हॅट, हातात कुसुमताईंचे लाडू. मुलाला न्यायला आले होते. स्वेच्छेची मुदत संपली होती.

बांधावरून येता येता ते थांबले. त्यांना चाकाची करकर ऐकू आली. जयपुरात, आदर्श नगरात, कचेरीत, कुठं म्हणून हा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. ते पावलं मोजल्यासारखे हळूहळू पुढं आले. धावेवर उघड्या अंगाचा एक काळा गडी बैल मागं घेत होता आणि रांगड्या सुरात म्हणत होता, "फॉस्फरस हो राजा, सल्फर हो, क्लोरीन हो माझ्या वकिला—"

"हा कोण?" त्यांनी भूरीला विचारलं.

भूरीनं त्यांच्याकडं बघितलं, गड्याकडं बघितलं. "नाक तो थांको ही छै," ती म्हणाली. म्हणजे, नाक तर तुमचंच आहे.

बैल खाली निघाले, विष्णूनं नाड्यावर उडी घेतली आणि तेव्हा बाप समोर दिसला. मोट अर्धी वर. थांबता येत नव्हतं. तो तसाच बापाच्या समोरून बसून गेला. चंद्रकांतरावांनी हॅट काढून भूरीकडं दिली. मग कोट दिला. मग बूट काढले.

"सरक," परत वर आल्यावर ते म्हणाले.

"आण्णा, विजार खराब होईल."

"सरक म्हनतो न्हवं. दोगांचं वजन घील नाडा."

बापलेक नाड्यावर बसून उतारावरून खाली गेले. पाणी थारोळ्यात पडल्याचा आवाज झाला तेव्हा चंद्रकांतराव म्हणाले, "तुज्या आज्याची मोट न्हवती रं."

"म्हणजे?"

"मोट पाटलाची, बैल पाटलाचं, हीर पाटलाची. त्यो निस्ता हाकायचा. मंडळातल्या लोकास्नी म्या सांगितलंय, बाप बागाईतदार हुता." बैलांच्या कानांकडं बघत ते म्हणाले, "पर हाकायचा असा, की पाटील उटून बगाय यायचा."

"मागं घेताना काय म्हणायचे आजोबा? मला आठवत नाही."

चंद्रकांतरावांनी खूप आठवून पाहिलं. "मलाबी न्हाई," ते म्हणाले. "तू म्हन की तुजंच. त्ये काय वंगाळ न्हाई."

दुपारी धूळ उडवत रूडमल आला. मागं शेकडो जनावरं, फासळ्या बाहेर, माना खाली. तो विहिरीवर पाणी मागायला थांबला आणि घासाचा तुकडा बघून तसाच उभा राहिला. पेन्शन बांधावर तोंड भरून घास घोळवत होती. दात नसल्यामुळं तिचा एक घास बराच वेळ चालायचा.

"निरोप आला होता," रूडमल म्हणाला. "गायी न्यायच्यात."

"पाणी पाजा तुमच्या जनावरांना," बाई म्हणाल्या. "आणि जा. आमच्या कुणाला कुठं जायचं नाही."

रूडमलनं मोटेकडं बोट केलं. "हे कुणी केलं?"

"मैं सिखायो!" तिरक्या खाटेवरून छीतर गरजला. जोडे पायात होतेच. कुणी त्याला खोटं पाडलं नाही. त्या दिवशी सगळ्यांनाच पुरून उरेल इतकं श्रेय होतं. रूडमलची जनावरं पाणी पिऊन पुढं गेली तोवर विष्णू आर्गॉनपर्यंत पोचला होता आणि आवाज बसला होता.

संध्याकाळच्या बससाठी चंद्रकांतरावांना सोडायला गाडी जुंपली. विष्णू येणार नव्हता. पाऊस पडेपर्यंत राहतो म्हणाला होता, आणि या वेळी स्वेच्छा कुणी आणून दिली नव्हती. चंद्रकांतरावांनी लसूणघासाची एक पेंढी मागून मांडीवर घेतली होती. आदर्श नगरात दाखवायला. शेजारी बाई, पुढं कासरे धरून विष्णू.

बस्सीचा जकात नाका आला. कारकुनानं हात केला, गाडी आत गेली, जेमतेम पुढं सरकली, आणि चंद्रकांतरावांना राहवेना. पेंढी छातीशी धरून, कचेरीतल्या इस्त्रीच्या आवाजात, ते बाईंना म्हणाले, "जयंतीबाई, चिरंजिवांचं मीही ऐकून ऐकून पाठ केलं आहे. पाहा हं. हायड्रोजन, हेलियम—"

"आण्णा!" विष्णू ओरडला.

"—लिथियम, बेरिलियम—"

हाकिम आज्ञाधारक होता. आणि वकिलानं, आयुष्यात पहिल्यांदाच, काही हरकत घेतली नाही. कार्बनला गाडी नाक्याच्या आडव्या बांबूला लागली, ऑक्सिजनला ओसरीवर चढली, आणि निऑनला खांब पडला. कारकून दौत सांभाळत बाहेर आला. त्यानं बैलांची तोंडं पाहिली, चाकं पाहिली, पेंढी पाहिली.

"ये गाडी बस्सी में आ रही है कि जा रही है?"

"तोंडानं येतेय," बाई शांतपणे म्हणाल्या. "बाकीची जातेय."

"माल?"

"घास. आमचा."

कारकुनानं हताश होऊन वही उघडली आणि चंद्रकांतरावांना नाव विचारलं, ते लिहिलं. "धंधा?"

विमा अधिकारी गाडीत उभे राहिले. विजारीवर मोटेची ओल, कोटावर घासाची पानं, डोक्यावर हॅट. नाक्यावर बसची वाट बघणारी मंडळी जमली होती, त्यांत आदर्श नगरचे दोघं होते. चंद्रकांतरावांनी त्यांच्याकडं बघूनच उत्तर दिलं. ते कारकुनानं तीनदा विचारून घेतलं, लिहायला नकार दिला आणि लेखी अर्ज मागितला. तो विष्णूनं तिथंच, पडलेल्या खांबावर बसून लिहिला. वडिलांनी एक शब्द सुचवला आणि बाईंनी साक्षीदार म्हणून सही केली. तो असा:

"माननीय अधिकारी महोदय, जकात विभाग, यांस. सविनय अर्ज ऐसा की, सदर गाडी नाक्यात शिरली नसून बाहेर पडता पडता आत राहिली. सबब तिची नोंद आगमन व निर्गमन या दोहोंच्या मधल्या रेघेवर करावी. सदर बैल वकील यास मूलद्रव्ये ऐकून मागे चालण्याचा कायम परवाना मिळावा, व त्याच्या हद्दीत कोणीही रसायनशास्त्र मोठ्याने बोलू नये असा फलक सरकारी खर्चाने लावावा. पडलेला खांब पुन्हा उभारताना गाडीच्या रुंदीएवढा डावीकडे घ्यावा. तसेच आपल्या छापील वहीत धंद्याच्या रकान्यात 'सरकारी', 'व्यापारी', 'शेतकरी' व 'इतर' एवढेच दिसते. तरी 'इतर'च्या वर, ठळक टाइपात, 'मोटकऱ्याचा मुलगा व मोटकऱ्याचा बाप' असा स्वतंत्र रकाना सर्व राज्यभर छापून घ्यावा, आणि त्यात पहिले नाव श्री. चंद्रकांत सदाशिव माने यांचे लिहावे, ही नम्र विनंती. आपला विश्वासू, विष्णू चंद्रकांत माने, मोटकरी."